मफीबोशेथ : राजाच्या पंगतीस बसलेला पंगु

शास्त्रपाठ : २ शमुवेल ४:४ व अध्याय ९

आजच्या मननासाठीं आम्ही ज्या मनुष्याचें चरित्र घेतलें आहे, त्याचें नांव रविवारच्या शाळेंतील मुलांना पाठ होत नाहीं व वडील मंडळींनाही सहसा आठवत नाहीं. दावीद सर्वांस ठाऊक, योनाथानही ठाऊक. परंतु योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ कोण, असें विचारिलें तर पुष्कळ जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. तरीपण ज्या घरांत अपघातानें कोणी अंथरुणास खिळला आहे, त्या घरांत दाविदाच्या विजयांपेक्षां ह्या विसरलेल्या मनुष्याची हकीकत अधिक कामास येते, असें आमचें मत आहे.

तो पांच वर्षांचा होता. इज्रेलाहून बातमी आली कीं, आजा शौल व बाप योनाथान हे दोघेही रणांत पडले. दाईनें पोरास उचलिलें आणि ती पळूं लागली. घाईंत तो तिच्याजवळून पडला व दोन्ही पायांनीं पंगु झाला. पाय मोडले कीं कणा दुखावला, हें शास्त्र सांगत नाहीं. त्या दाईचें पुढें काय झालें, हेंही सांगत नाहीं. ती त्याचा जीव वाचवूं पाहत होती आणि तिच्याच हातून तो पडला. ती उरलेलें आयुष्य कोणत्या मनानें जगली असेल, ह्याचा विचार आमच्या मनांत वारंवार येतो. ज्यानें त्या दिवशीं गाडी हांकली, ज्यानें दोर धरिला होता, ज्या बायकोनें "जरा झाडावर चढून पाला काढा" असें म्हटलें, अशीं माणसें आपल्याही गांवांत आहेत, आणि त्यांच्याजवळ बसावयास कोणी जात नाहीं.

भोकरदन तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं केदारखेडा म्हणून गांव आहे. जालना जिल्ह्यांतील इतर शेंकडों गांवांप्रमाणेंच कापूस, मका व सोयाबीन पिकविणारें तें गांव. अशा ठिकाणीं मनुष्याचा कणा मोडावयास लढाई लागत नाहीं. विहिरीचें काम चाललें असतां पाय निसटतो. शेळ्यांसाठीं पाला तोडतांना फांदी मोडते. माळवदाला कठडा नसतो आणि उन्हाळ्याच्या रात्रीं झोपेंत मनुष्य खालीं येतो. रस्त्यावर मोटारसायकल घसरते. एका क्षणाचें काम. कण्याच्या मणक्यांतून करंगळीएवढी एक नाजूक दोरी खालीं जाते, तिला मज्जारज्जु म्हणतात. मेंदूचा हुकूम हातापायांस आणि हातापायांची खबर मेंदूस ह्याच वाटेनें पोंचते. ती दोरी चेंगरली कीं त्याखालचें शरीर हलत नाहीं, त्यास स्पर्श कळत नाहीं, व लघवी आणि शौच ह्यांवरचाही ताबा जातो. इजा मानेजवळ झाली तर हातही जातात. हाडाप्रमाणें ही मज्जा सांधली जात नाहीं. दुखापत अर्धवट असेल तर कांहीं शक्ति परत येते. परंतु पूर्ण तुटलेल्या मज्जेस पूर्ववत् करणारें औषध आजपर्यंत निघालेलें नाहीं.

येथें थोडें विषयांतर करून एक गोष्ट सांगून टाकतों, कारण ती ह्या प्रवचनापेक्षां निकडीची आहे. असा मनुष्य पडला म्हणजे चौघे धांवतात, दोघे खांदे धरितात, दोघे पाय धरितात, आणि मधें कणा झोळीसारखा वांकतो. जें अर्धें तुटलें होतें तें अशा उचलण्यानें पुरें तुटूं शकतें. त्यास उठवून बसवूं नये, पाणी पाजण्यासाठीं मान वर करूं नये. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. ती येईपर्यंत तो जसा पडला तसाच, डोकें, मान व पाठ एका रेषेंत ठेवून, निजूं द्यावा. हलविल्यावांचून गत्यंतरच नसेल तर दाराची फळी किंवा सपाट लांकूड काढून, सर्वांनीं एकदम, त्याचें शरीर न वांकवितां त्यावर घ्यावें. हें मंडळींतील तरुणांस शिकवून ठेवावें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पहिले पंधरा दिवस घर माणसांनीं भरून जातें. पाहुणे येतात, हळहळतात, चहा पितात. मग पेरणी येते. पाऊस पडला कीं ज्याचा तो आपल्या शेतांत जातो, ह्यांत कोणाचा दोष नाहीं. पण अंथरुणावरच्या मनुष्यास पत्र्यावर पावसाचा आवाज ऐकूं येतो, आणि आपलें शेत आज कोण पेरीत असेल, हा विचार त्याचें काळीज कुरतडतो. जो काल घरचा कर्ता होता, त्यास आज मुलगा कुशीवर वळवितो. बायको अंथरूण बदलते तेव्हां तो भिंतीकडे तोंड करितो. रात्रीं सर्व निजले म्हणजे एकच वाक्य त्याच्या डोक्यांत फिरत राहतें : मी ओझें झालों.

मफीबोशेथाचें काय झालें होतें पहा. तो वाढला, पण लो-दबार नांवाच्या दूरच्या गांवीं, माखीराच्या घरीं, परक्याच्या आसऱ्यास. राजानें त्यास बोलावून आणलें, भिऊं नको म्हणून धीर दिला, आजाची जमीन परत देतों व तूं नित्य माझ्या पंगतीस जेवशील असें सांगितलें. तेव्हां त्यानें स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा दिली. पुष्कळ उपदेशक हे नम्रतेचे बोल समजतात, आणि राजासमोर असें बोलण्याची त्या काळीं रीत होती हेंही खरें. आमच्या कानांस मात्र त्यांत नम्रतेहून निराळें कांहीं ऐकूं येतें. वर्षानुवर्षें कोपऱ्यांत बसलेला मनुष्य स्वतःविषयीं जें मनांत म्हणत आला, तेंच त्या दिवशीं त्याच्या तोंडून बाहेर पडलें. आणि ध्यानांत घ्या, दाविदानें त्याशीं वाद घातला नाहीं. "असें बोलूं नये, धीर धरावा, तुझ्याहून दुःखी लोक जगांत आहेत," असला उपदेश केला नाहीं. त्यानें सीबा नांवाच्या कारभाऱ्यास हांक मारिली आणि जमिनीची व्यवस्था लावून दिली.

वैद्यकशास्त्राचें म्हणणेंही आपण ऐकावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं ह्या विषयावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत सांगितलें आहे कीं, मज्जारज्जूस इजा झालेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें २० ते ३० जणांत उपचाराची गरज भासावी इतक्या खिन्नतेचीं लक्षणें आढळतात. ह्याचा अर्थ दोन बाजूंनीं घ्यावा. एक असा कीं, अशी खिन्नता हा खराखुरा आजार आहे. तो विश्वासाचा अभाव नव्हे, व त्यास औषध आणि जाणत्या मनुष्याचा सल्ला लागतो. दुसरा असा कीं, शंभरांपैकीं सत्तर जण अशा गर्तेंत अडकून राहत नाहींत. पाय गेले म्हणजे जीवनाची गोडी गेलीच, हें पाय असलेल्या लोकांनीं ठरविलेलें आहे.

एलीया संदेष्टा झुडुपाखालीं बसून देवाजवळ मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्यास काय दिलें? भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खा आणि नीज. पुन्हां उठवून पुन्हां खावयास दिलें. बोलणें पुष्कळ नंतर झालें. ज्याच्या पाठीस शय्याव्रण झालें आहे, ज्यास मूत्राच्या विकारानें ताप भरला आहे, त्याच्या उशाशीं दहा गायनें म्हटलीं तरी त्याचें मन वर येणार नाहीं. दर दोन तासांनीं त्यास कुशीवर वळविणें, टेंकणाऱ्या जागा रोज पाहणें, लघवीची नळी स्वच्छ ठेवणें, चुलीच्या निखाऱ्यापासून त्याचे बधिर पाय दूर ठेवणें, ही त्या घरांतील पहिली उपासना होय. आणि तो जर मरणाची भाषा बोलूं लागला तर ती हंसण्यावारी नेऊं नये. "तुमच्या मनांत जीव देण्याचा विचार येतो काय?" असें सरळ विचारावें, विचारल्यानें तो विचार बळावत नाहीं, उलट मन मोकळें होतें. शेतीचीं फवारणीचीं औषधें घरांत असतील तर कुलुपांत ठेवावीं. सरकारनें २०२२ सालापासून टेलिमानस नांवाची सेवा चालविली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, पैसे न घेतां, आपल्या भाषेंत बोलतां येतें.

दुसऱ्या एका गोष्टीविषयीं आम्हांस कडक बोलणें भाग आहे. कोणी पंगु झाला कीं, ह्यानें पाप केलें कीं ह्याच्या आईबापांनीं, हा प्रश्न विचारणारे लोक अजून संपलेले नाहींत. आणि प्रभूनें जन्मांधाविषयीं तो प्रश्न साफ बाजूस सारिला, हें ते विसरतात. त्यांच्याहून वाईट ते, जे मोठ्या सभा भरवून "तुमच्या विश्वासानें हा उद्यां चालेल" असें वचन देतात. मनुष्य टेम्पोंत घालून नेतात, व्यासपीठापुढें ठेवितात, आणि तो उठला नाहीं म्हणजे विश्वास कमी पडला असा ठपका त्याच्याच माथीं मारितात. पाय आधींच गेले होते. आतां देवही गेला. प्रेषित पौलानें आपल्या शरीरांतील कांट्यासाठीं तीन वेळां विनंती केली व तो कांटा निघाला नाहीं. पौलाचा विश्वास कमी होता, असें म्हणण्याची छाती ह्या सभावाल्यांपैकीं कोणाची आहे काय? ईयोबाचे मित्र सात दिवस त्याजजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडल्यावर बिघडले.

मग आशा कशाची धरावी? दाविदाच्या कथेंत एक लहान वाक्य आहे, तें वाचतांना घाईनें सुटून जातें : राजानें माणसें पाठवून त्यास आणविलें. मफीबोशेथ स्वतः येऊं शकला नसता, आणि येऊं शकला असता तरी आला नसता. कोणी तरी लो-दबारास जावें लागलें. कफर्णहूमच्या पक्षघात्यासही चौघांनीं वाहून नेलें व छप्पर उस्कटलें.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं कणा मोडलेला मनुष्य बहुधा थोड्याच काळांत व्रणांनीं व मूत्राच्या विकारानें मरे, आणि वैद्यही त्याची आशा सोडीत. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडव्हिल येथें लुडविग गुटमान ह्या वैद्यानें असल्या सैनिकांसाठीं विभाग उघडला. ते हिटलरच्या जर्मनींतून परागंदा झालेले यहूदी होते. रात्रंदिवस दर दोन तासांनीं रोग्यास वळविण्याचा नियम त्यांनीं कडकपणें चालविला, आणि जखमा भरूं लागतांच त्या माणसांना अंथरुणांत पडूं न देतां कामास व खेळास लाविलें. २९ जुलै १९४८ रोजीं चाकांच्या खुर्चींत बसलेल्या १६ जणांचा तिरंदाजीचा सामना त्यांनीं भरविला. आज जगभर पंगूंचे जे मोठे सामने होतात, त्यांचा उगम तो.

त्याच सामन्यांत महाराष्ट्राचाही एक पुत्र चमकला. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालचें शरीर लुळें पडलें. उपचार म्हणून ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत जागतिक उच्चांक करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पंगूंच्या जागतिक सामन्यांत हिंदुस्थानास मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. सरकारनें त्यांस २०१८ सालीं पद्मश्री दिली.

परंतु अशीं उदाहरणें सांगतांना जपावें. अंथरुणावरच्या मनुष्यास "पेटकरांकडे पहा" असें म्हटलें तर तें त्याच्या उरावर आणखी एक धोंड ठेवणें होईल. सर्व चालणारे लोक तरी कोठें पदकें जिंकतात! आमचें मन कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांच्या कथेकडे अधिक ओढ घेतें. सोळाव्या वर्षीं त्यांचें कमरेखालचें शरीर निर्जीव झालें, आणि निराशेनें त्यांस घेरलें. पुढें त्यांची गांठ बाबूकाका दिवाण ह्यांच्याशीं पडली. तेही तसेच पंगु, आणि तरी आपला उद्योग चालवीत होते. धडधाकट लोकांच्या शंभर उपदेशांनीं जें झालें नव्हतें, तें खुर्चींत बसलेल्या एका मनुष्याच्या दर्शनानें झालें. नसीमाबाईंनीं नोकरी केली, १९८४ सालीं कोल्हापुरांत 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली, आणि 'चाकाची खुर्ची' ह्या नांवानें आत्मचरित्र लिहिलें. आपल्या मंडळींत कोणी असा दुःखी असेल तर त्याच्यासाठीं पाळकाहून अधिक उपयोगी असा मनुष्य आसपासच्या गांवांत असेल, तो शोधावा : दहा वर्षांपूर्वीं पडलेला आणि आज दुकान चालविणारा. त्या दोघांस एकांतांत बोलूं द्यावें. खुर्ची ओढ्यांतून कशी नेतात, शौचाची वेळ कशी नेमतात, पोरांना धाक कसा राहतो, हें तोच सांगूं जाणे.

वेल्लोरच्या मिशन इस्पितळांतील डॉ. मेरी वर्गीस ह्यांचें नांव जुन्या वाचकांस आठवेल. १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांचा कणा मोडला. डॉ. पॉल ब्रँड ह्यांच्या उत्तेजनानें त्या खुर्चींत बसून महारोग्यांच्या वांकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करूं लागल्या. नंतर परदेशीं शिकून येऊन अशाच पंगु लोकांस उभें करणारा विभाग त्यांनीं वेल्लोरास चालविला. पाय गेल्यावर त्यांना नवा देह मिळाला नाहीं. उरलेले हात मिळाले, आणि त्या हातांस काम मिळालें.

मफीबोशेथाच्या कथेंत हेंच आहे. राजानें त्यास भीक घातली नाहीं. त्याची वडिलोपार्जित जमीन त्यास परत केली, आणि सीबा, त्याचे पंधरा मुलगे व वीस चाकर ह्यांनीं ती कसून उत्पन्न त्याच्या घरीं आणावें असा हुकूम केला. दया निराळी, हक्क निराळा. आपल्या देशांतही २०१६ सालीं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला आहे. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नांतील पांच टक्के रक्कम दिव्यांगांसाठीं खर्चावी असा शासनाचा निर्णय आहे. दाखला काढण्यासाठीं त्या मनुष्यास जिल्ह्याच्या इस्पितळांत नेऊन आणणें, ग्रामसभेंत त्या पांच टक्क्यांचा हिशोब विचारणें, हें मंडळीच्या पंचांचें काम आहे. प्रार्थना करून घरीं येणें एवढ्यानें तें होत नाहीं. (सरकारनें 'पंगु' हा शब्द सोडून 'दिव्यांग' हा घेतला. शब्द चांगला आहे. उपासनामंदिराच्या पायऱ्या मात्र पूर्वीं होत्या तितक्याच आहेत.)

मफीबोशेथास मीखा नांवाचा एक लहान मुलगा होता, हेंही त्याच अध्यायांत लिहिलें आहे. तो पति होता, बाप होता. आपल्याकडे मात्र अशा मनुष्याच्या तरुण बायकोस माहेरचे लोक दुसऱ्याच महिन्यांत परत नेऊं पाहतात. आणि स्त्री पडली तर नवऱ्यास दुसरें लग्न सुचविणारे तेवढाही वेळ घेत नाहींत. जी बाई राहते, रात्रीं तीन वेळां उठून त्यास वळविते व दिवसा मजुरीस जाते, तिची स्तुति सर्व करितात, पण तिला एक रात्र पुरी झोंप मिळावी म्हणून कोण येऊन बसतो? मंडळींतील चार घरांनीं आठवड्याची एकेक रात्र वांटून घेतली तर काय अशक्य आहे!

आणि आतां शेवटचा भाग, जो लोक वाचीत नाहींत. पुढें अबशालोमाचें बंड झालें व दाविदास राजधानी सोडून पळावें लागलें. सीबा गाढवांवर भाकरी, द्राक्षारस, मनुका लादून राजास वाटेंत भेटला, आणि विचारल्यावर म्हणाला कीं, मफीबोशेथ यरुशलेमांतच राहिला आहे, त्यास राज्य मिळण्याची आशा आहे. राजानें तें खरें मानिलें आणि त्याची सारी जमीन तत्काळ सीबाला देऊन टाकिली. मफीबोशेथास कोणीही विचारिलें नाहीं. राजा परत आला तेव्हां तो सामोरा गेला : दाढी वाढलेली, कपडे न धुतलेले. गाढवावर खोगीर घालून तुमच्याबरोबर यावें असें मी म्हणालों होतों, तो सांगूं लागला. मी तर पंगु, चाकरानें मला फसविलें. राजाला घाई होती. दोघांनीं जमीन वांटून घ्यावी, असें म्हणून त्यानें प्रकरण मिटविलें. मफीबोशेथ म्हणाला, त्यालाच सर्व घेऊं द्या, राजा सुखरूप आला हें मला पुरे.

दाविदासारख्या मनुष्याच्या हातूनही हें झालें. पंगतीस बसविलें, पण त्याच्याविषयींचें सत्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलें. आपणही त्या घरीं जाऊन मुलाला विचारितों, "बाबा जेवतात का?", बायकोला विचारितों, "ह्यांना आतां बरें वाटतें का?", आणि बाबा तेथेंच, हातभर अंतरावर, पूर्ण शुद्धींत पडलेले असतात. शेत खंडानें द्यावयाचें कीं नाहीं, मुलीचें स्थळ पाहावयाचें कीं नाहीं, हें ओसरीवर ठरतें, आणि ज्याचें शेत व ज्याची मुलगी त्यास संध्याकाळीं कळविलें जातें.

पुढच्या वेळीं जाल तेव्हां उभ्यानें बोलूं नका. उभ्या मनुष्याकडे पाहतांना निजलेल्याची मान दुखते. बाजेजवळ खालीं बसा, त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांसमोर येतील असे. प्रकृति विचारून झाली कीं त्यालाच विचारा, यंदा खालच्या वावरांत कापूस लावावा कीं मका, आणि बियाणें कोणाकडून घ्यावें. घरचीं माणसें मधेंच उत्तर देऊं लागतील. त्यांना हातानें थांबवा, आणि तो बोलेपर्यंत वाट पहा.